गोठलेली माती वितळते तेव्हा: ध्रुवीय मातीची ताकद कशी मोजावी आणि कशी वाचावी

उणे सहा अंशांच्या शीतखोलीतून आणलेला गाळमातीचा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून भरड कणांच्या मातीचा) एक कोअर, म्हणजे जमिनीतून नळीने काढलेला सलग नमुना, पत्र्याच्या ट्रेमध्ये उभा ठेवला होता. हातभर लांब, करड्या रंगाचा, आणि त्यात आडवे पांढुरके पापुद्रे. काही कागदाइतके पातळ, काही बोटभर जाड. सुरुवातीला हातोडीने टकटक केली तर भाजलेल्या विटेसारखा आवाज येत होता. तासाभरात त्याला बाहेरून ओलसर चकाकी आली. मग एका पापुद्र्याच्या जागी पाण्याची रेघ उमटली आणि वरचा तुकडा तिच्यावरून हळूच घसरला. दुपारपर्यंत ट्रेमध्ये गढूळ पाणी साचले होते, त्यात पिठाच्या सरबरीत घोळासारखा चिखल होता, आणि त्या चिखलात काही टोकदार, घट्ट ढेकळे मात्र तशीच शिल्लक होती.

ध्रुवीय मातीबद्दल जे समजून घ्यायचे ते बहुतेक सगळे त्या ट्रेमध्ये होते. सकाळी विटेसारखी असलेली माती दुपारी चिखल का झाली? आणि चिखल झालीच, तर ती ढेकळे का टिकली? दोन्हींचे उत्तर पाण्यात आहे. म्हणून अशा मातीचे काम हातात घेतले की मी तीन प्रश्न धरून चालतो. पाणी किती आहे? गोठताना ते कुठे गेले? आणि वितळताना त्याला बाहेर पडायला वाट मिळाली का? पुढच्या पायऱ्या याच तीन प्रश्नांच्या आधाराने लिहिल्या आहेत. मृदायांत्रिकीची तोंडओळख असलेला विद्यार्थी, प्रयोगशाळेत नमुने हाताळणारा तंत्रज्ञ किंवा थंड प्रदेशातला भूतांत्रिक अहवाल वाचण्याची वेळ आलेला अभियंता डोळ्यांसमोर आहे.

दोन शब्द आधी पक्के करू. सलग किमान दोन वर्षे शून्य अंशांवर किंवा त्याखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. व्याख्या केवळ तापमानाची आहे. त्यात बर्फ असलाच पाहिजे अशी अट नाही. पर्माफ्रॉस्टच्या वरचा, दर उन्हाळ्यात वितळणारा आणि दर हिवाळ्यात गोठणारा थर म्हणजे सक्रिय थर. पर्माफ्रॉस्ट किती खोल जाते याचा पहिला धडा सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये मिळाला. फ्योदोर शेर्गिनने तिथे १८२८ मध्ये पाण्यासाठी विहीर खोदायला घेतली आणि १८३७ मध्ये ११६ मीटरवर थांबवली. तळ तेव्हाही गोठलेलाच होता. उत्तर सायबेरियात काही ठिकाणी हा थर सुमारे दीड किलोमीटर जाड आहे.

पायरी १: चाचणीआधी बर्फ वाचा

कोअर बाहेर आला की लगेच, शीतखोलीतच, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि वर्णन लिहा. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी ४०८३ या प्रमाणपद्धतीत तीन ढोबळ गट आहेत: डोळ्यांना बर्फ दिसत नाही, बर्फ दिसतो पण त्याचे थर साधारण २५ मिलिमीटरपेक्षा पातळ आहेत, आणि त्याहून जाड, निव्वळ बर्फ. दुसऱ्या गटात बर्फ स्फटिकांच्या रूपात आहे, दगडांभोवती वेष्टन होऊन बसला आहे की पापुद्र्यांच्या रूपात आहे, हेही नोंदवायचे. कंटाळवाणे काम आहे. पण नंतर ताकदीचे दोन आकडे जुळेनासे झाले की याच नोंदी उपयोगी पडतात.

त्यानंतर जादा बर्फ मोजा. मातीच्या कणांमधल्या नैसर्गिक पोकळीत मावेल त्याहून अधिक बर्फ म्हणजे जादा बर्फ. पद्धत अगदी साधी आहे. गोठलेला तुकडा मापाच्या बरणीत वितळू द्या, ढवळा, गाळ बसू द्या आणि वर उरलेले निवळ पाणी मोजा. समजा खाली ६०० मिलिलिटर गाळ बसला आणि वर २०० मिलिलिटर पाणी राहिले. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्के वाढते, म्हणून २०० ला १.०९ ने गुणा, २१८ येतात. एकूण ८१८ पैकी २१८, म्हणजे सुमारे २७ टक्के जादा बर्फ. ही माती वितळली तर तिचा चौथा हिस्सा वाहून जाणारे पाणी होणार आहे. एवढा एक आकडा हाती आला की पुढच्या महागड्या चाचण्यांपैकी कोणत्या खरोखर हव्यात ते ठरवता येते.

नमुन्यांच्या साठवणीबद्दल एक अनुभव सांगतो. एकदा आमचे नमुने घरगुती पद्धतीच्या, आपोआप डिफ्रॉस्ट होणाऱ्या फ्रीझरमध्ये ठेवले गेले. असा फ्रीझर बर्फ साचू नये म्हणून ठरावीक वेळाने स्वतःला थोडा तापवून घेतो. तीन आठवड्यांनी पाहिले तर नमुन्यांच्या कडा पांढऱ्या, भुसभुशीत झाल्या होत्या. बर्फाची थेट वाफ होऊन तो निघून गेला होता, आणि पिशव्यांच्या आतल्या बाजूला दव गोठून बसले होते. त्या नमुन्यांवरचे ओलाव्याचे सगळे आकडे टाकून द्यावे लागले. तेव्हापासून मी नमुना प्लास्टिकच्या वेष्टनात घट्ट गुंडाळतो, हवाबंद पिशवीत घालतो, पिशवीत थोडा बर्फाचा चुरा टाकतो आणि स्वतःहून डिफ्रॉस्ट न होणाऱ्या पेटीत ठेवतो. पिशवीतला चुरा हवा दमट ठेवतो, त्यामुळे नमुन्यातला बर्फ उडत नाही.

पायरी २: न गोठलेले पाणी मोजा

माती शून्य अंशाला पूर्ण गोठते हा समज आधी सोडावा लागतो. चिकणमातीच्या कणांना चिकटलेला पाण्याचा पातळ पडदा आणि अतिसूक्ष्म छिद्रांतले पाणी शून्याच्या बरेच खालीही द्रव राहते. उणे १ अंशाला स्वच्छ वाळूत जवळजवळ सगळे पाणी गोठलेले असते. पण बारीक चिकणमातीत कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी तेव्हाही द्रव असू शकते. याचा अर्थ असा की थर्मामीटर उणे १ दाखवत असताना एक माती दगड झालेली असते आणि दुसरी अर्धवट मऊ असते.

हे पाणी न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सने किंवा टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्रीने मोजतात. काहीच साधन नसेल तर निदान मातीचा कणमान आलेख (कोणत्या आकाराचे कण किती ते दाखवणारा) आणि क्षारता काढा. न गोठलेल्या पाण्याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. क्षारता विसरू नका, असे मी मुद्दाम सांगतो. समुद्राच्या पाण्यासारखी, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षारता असेल तर गोठणबिंदूच उणे १.९ अंशांवर जातो. शिवाय शुद्ध बर्फ वेगळा होत जातो तसे उरलेले पाणी अधिक खारट होते आणि आणखी खाली जाऊनही द्रव राहते. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या लाँगइयरब्येन परिसरात एके काळी समुद्राखाली असलेली अशी खारी चिकणमाती आहे. नकाशावर ती पर्माफ्रॉस्टच आहे, पण पाईलला (पायासाठी जमिनीत खोल रोवलेल्या खांबाला) मिळणारी पकड गोड्या पाण्याच्या गोठलेल्या मातीपेक्षा बरीच कमी.

दुसऱ्या टोकाला अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज आहेत. तिथे वर्षाचे सरासरी तापमान उणे २० अंशांच्या आसपास असूनही वरची माती कोरड्या वाळूसारखी मुठीतून गळते. जोडणारा बर्फच नाही, मग थंडीने ताकद येणार कुठून? काही हात खाली बर्फाने सांधलेला थर लागतो आणि तिथे कुदळ चालत नाही. तापमान दोन्हीकडे जवळपास सारखेच.

पायरी ३: निसर्ग गोठवतो तसे गोठवा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडे थांबू.

जमीन गोठताना वर उचलली जाते याचे कारण पाणी ९ टक्के फुगते हे आहे, असे अनेकांना वाटते. हिशेब करून पाहा. ४० टक्के पोकळी असलेली, पाण्याने भरलेली एक मीटर माती जागच्या जागी गोठली तर ०.४० गुणिले ०.०९, म्हणजे सुमारे ३.६ सेंटिमीटर उचलली जाईल. प्रत्यक्षात जमीन कितीतरी पट अधिक उचललेली दिसते. स्टीफन टेबर या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९३० मध्ये हा प्रश्न निकालात काढला. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझिन भरले. बेंझिन गोठताना आकसते. तरीही माती वर उचलली गेली.

म्हणजे उचल होते ती बाहेरून नवा द्रव ओढून घेतल्यामुळे. गोठणाऱ्या सीमेजवळच्या पातळ पट्ट्यात बर्फ आणि द्रव पाणी एकत्र नांदतात, आणि तापमान शून्याखाली जाईल तसे त्या पाण्यातले शोषण वाढत जाते. बर्फावरचा दाब वातावरणाइतका धरला तर दर अंशाला सुमारे १.२ मेगापास्कल. केवळ उणे ०.१ अंशाला १२० किलोपास्कल होतात, साधारण सहा मीटर मातीच्या वजनाइतके. एवढ्या ओढीने खालच्या ओल्या थरातून पाणी वर येते, एका पातळीवर साचते आणि तिथे बर्फाचा पापुद्रा वाढत जातो. दोन पापुद्र्यांमधली माती मात्र त्याच शोषणाने पिळून निघते आणि घट्ट होते. ट्रेमध्ये शिल्लक राहिलेली ती टोकदार ढेकळे अशीच पिळलेली माती होती.

यासाठी दोन गोष्टी एकत्र लागतात: ओढ आणि वाहतूक. स्वच्छ वाळूत पाणी सहज वाहते पण ओढ नगण्य. अगदी बारीक कणांच्या चिकणमातीत ओढ प्रचंड पण पाणी सरकता सरकत नाही. दोन्ही पुरेशा असतात त्या गाळमातीत, म्हणून तीच सगळ्यात त्रासदायक. आर्थर कासाग्रांदेने १९३१ मध्ये दिलेली कसोटी अजूनही पहिल्या चाळणीसाठी वापरली जाते: भूजल जवळ असेल तर मिश्र कणांच्या मातीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांहून अधिक असले, किंवा एकसारख्या कणांच्या मातीत १० टक्क्यांहून अधिक असले, तर सावध व्हा.

आता प्रयोगशाळा. ओला नमुना डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी काढला, तर तो सगळ्या बाजूंनी, झपाट्याने आणि बाहेरून पाणी न मिळता गोठलेला असतो. पापुद्रे वाढायला वेळच मिळत नाही; पाणी जागच्या जागी छिद्रांत गोठते. असल्या नमुन्यावर ‘गोठण-वितळण परिणाम’ मोजणारे कितीतरी प्रबंध मी पाहिले आहेत. त्यांतले आकडे खोटे नसतात, पण ते ध्रुवीय जमिनीचे नसतात. नमुन्याच्या बाजू उष्णतारोधकाने बंद करा. नमुन्याच्या वरची तबकडी शून्याखाली, खालची शून्याच्या थोडी वर ठेवा, म्हणजे गोठण वरून खाली एकाच दिशेने सरकेल. खालून सच्छिद्र चकतीद्वारे पाणी मिळू द्या. बाजूच्या भिंतीला माती चिकटून उचल अडू नये म्हणून नळी अखंड न घेता एकावर एक रचलेल्या कड्यांची घ्या. आणि सावकाश जा. गोठणसीमा सरकण्याचा वेग जितका कमी तितके पापुद्रे जाड.

एएसटीएम डी ५९१८ मध्ये हेच दोन गोठण-वितळण चक्रांत, पाच दिवसांत बसवले आहे. उचलीचा वेग दिवसाला १ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर माती निर्धोक, ४ ते ८ मध्यम, ८ ते १६ जास्त आणि १६ च्या वर अतिशय जास्त. शेवटी वितळलेल्या नमुन्यावर सीबीआर (रस्त्याखालच्या मातीची भार पेलण्याची क्षमता दाखवणारा आकडा) घेतात. तो २० च्या वर राहिला तर चिंता नाही, २ च्या खाली गेला तर ती माती वितळल्यावर चाकाखाली टिकणार नाही.

पर्माफ्रॉस्टच्या भागात आणखी एक गोष्ट घडते, ती नेहमीच्या रस्तेबांधणीच्या चाचण्यांत धरलेली नसते. सक्रिय थर तिथे वरून गोठतोच, पण खालच्या थंड पर्माफ्रॉस्टमुळे खालूनही गोठतो. पाणी दोन्हीकडे ओढले जाते. मधला पट्टा कोरडा पडतो आणि थराच्या तळाशी, पर्माफ्रॉस्टच्या माथ्याजवळ, पापुद्र्यांची दाटी होते. त्या दाटीकडे पाचव्या पायरीत परत येऊ.

पायरी ४: गोठलेल्या मातीची ताकद वेळेसकट लिहा

उणे १० अंशांना गोठलेली ओली वाळू जलद दाबचाचणीत १० मेगापास्कलच्या आसपास किंवा त्याहून अधिक ताण घेते, म्हणजे साध्या काँक्रीटच्या बरोबरीने. हा आकडा जसाच्या तसा पायाच्या हिशेबात घेतला तर घात होतो. कारण गोठलेल्या मातीत भार बर्फ उचलतो आणि बर्फ भाराखाली सतत, सावकाश सरकत राहतो. याला क्रीप म्हणतात. बर्फाने गच्च भरलेल्या मातीत क्रीपचा वेग ताणाच्या साधारण तिसऱ्या घातात वाढतो. ताण दुप्पट केला की वेग आठपट. दहा मिनिटांत मोडणाऱ्या नमुन्याची ताकद आणि वीस वर्षे भार सोसणाऱ्या पाईलभोवतीच्या त्याच मातीची ताकद यांची तुलनाच करू नये. दुसरी पहिलीच्या निम्म्याहूनही कमी असू शकते.

स्थिर विकृतिवेगाच्या (नमुना एकाच वेगाने दाबत नेण्याच्या) चाचणीसाठी एएसटीएम डी ७३००, क्रीपसाठी डी ५५२०. दोन्हींत नमुन्याचे तापमान अंशाच्या दहाव्या हिश्शापर्यंत स्थिर ठेवा, विशेषतः शून्य ते उणे २ च्या पट्ट्यात. तिथे अर्ध्या अंशाने न गोठलेले पाणी झपाट्याने बदलते आणि त्याबरोबर ताकदही. थर्मिस्टर (तापमान मोजणारे विद्युत संवेदक) चाचणीआधी बर्फ-पाण्याच्या भांड्यात तपासून घ्यावेत. अहवालात प्रत्येक ताकदीसमोर तापमान, विकृतिवेग आणि बर्फाचे प्रमाण लिहा. यातले एकही नसेल तर तो आकडा मी वापरत नाही.

पायरी ५: वितळताना पाण्याला वाट मिळते का

माती वितळली म्हणून ती लगेच कमजोर होतेच असे नाही. वितळलेले पाणी तितक्याच वेगाने निघून गेले तर कण एकमेकांवर टेकतात आणि भार उचलतात. पाणी अडकले तर भार पाण्यावर येतो, छिद्रजलदाब (कणांमधल्या पाण्याचा दाब) चढतो आणि कणांमधले घर्षण नाहीसे होते. म्हणजे शर्यत आहे: वितळणसीमा खाली सरकण्याचा वेग एकीकडे, पाणी निसटण्याचा वेग दुसरीकडे. अल्बर्टा विद्यापीठातल्या मॉर्गनस्टर्न आणि निक्सन यांनी १९७१ मध्ये ही शर्यत एका गुणोत्तरात बसवली. त्याला आर म्हणू:

आर = अल्फा ÷ (२ × √सीव्ही)

वितळण्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. अल्फा हा त्यातला गुणक. सीव्ही म्हणजे मातीचा कन्सॉलिडेशन गुणांक, भाराखाली पाणी किती वेगाने निसटते ते सांगणारा; तो ओडोमीटर चाचणीतून (कड्यातल्या नमुन्यावर उभा भार देऊन) मिळतो. माती फक्त स्वतःच्या वजनाखाली वितळत असेल तर वितळणसीमेवरचा जादा छिद्रजलदाब, मातीच्या बुडीत वजनाच्या (पाण्याची उचल वजा केलेल्या वजनाच्या) तुलनेत, असा येतो:

१ ÷ (१ + १ ÷ (२ × आर²))

कागदावर एकदा आकडे घालून पाहू. कोरडी घनता घनमीटरला १,४०० किलो, ओलावा ३० टक्के, म्हणजे ४२० किलो पाणी. बर्फाची सुप्त उष्णता किलोला ३३४ किलोज्यूल. एक घनमीटर वितळवायला सुमारे १४० मेगाज्यूल. वितळलेल्या मातीची उष्णतावाहकता १.२ वॅट प्रतिमीटर-अंश धरा आणि उन्हाळ्यात पृष्ठभागावर १०० दिवसांत मिळून ५०० अंश-दिवस (रोजच्या सरासरी तापमानांची बेरीज). वितळण्याची खोली काढण्याच्या स्टेफानच्या सूत्राने खोली = √(२ × १.२ × ५०० × ८६,४०० ÷ १४ कोटी), म्हणजे सुमारे ०.८६ मीटर. १०० दिवसांचे सेकंद ८६.४ लाख, त्यांचे वर्गमूळ सुमारे २,९४०. तेव्हा अल्फा = ०.८६ ÷ २,९४० = ०.०००२९.

आता हवामान तेच ठेवून माती बदला. भरड गाळमाती, सीव्ही सेकंदाला १०⁻⁶ चौरस मीटर: आर येतो ०.१५ आणि जादा दाब फक्त ४ टक्के. मधली माती, सीव्ही १०⁻⁷: आर ०.४६, दाब ३० टक्के. चिकणमाती, सीव्ही १०⁻⁸: आर १.४६, दाब ८१ टक्के. उन्हाळा एकच, पण चिकणमातीत वितळणसीमेवर कणांच्या वाट्याला बुडीत वजनाचा पाचवा हिस्साही उरत नाही.

उतारावर याचा अर्थ काय होतो तेही काढा. लांबलचक उताराच्या सरळ हिशेबात घर्षणकोन ३० अंश आणि बुडीत वजन एकूण वजनाच्या निम्मे धरले, तर भरड गाळमातीचा उतार सुमारे १५ अंशांपर्यंत टिकतो. चिकणमातीचा? सुमारे ३ अंश. तीन अंशांचा उतार डोळ्यांना सपाटच वाटतो. आर्क्टिकमध्ये जवळजवळ सपाट माळावरची हिरवळ मातीच्या थरासकट सोललेली दिसते, तिचे गूढ या एका भागाकाराने बरेचसे उलगडते. मला या विषयात याहून समाधान देणारा हिशेब सापडलेला नाही.

सक्रिय थराच्या तळाशी झालेली पापुद्र्यांची दाटी आता आठवा. नेहमीच्या उन्हाळ्यात वितळण तिथपर्यंत पोहोचत नाही. एखादा उन्हाळा जास्त तापला, किंवा आगीत वरचे शेवाळ जळून गेले, की सीमा त्या बर्फाळ पट्ट्यात उतरते. पाणी अचानक भरपूर, वर जाड मातीचे ओझे, खाली अजून गोठलेला अभेद्य तळ. पाण्याला खाली जायला जागाच नाही. सगळा सक्रिय थर त्या तळावरून घसरतो. वरच्या सूत्रात जादा बर्फाचे पाणी धरलेले नाही, त्यामुळे अशा ठिकाणी प्रत्यक्ष दाब हिशेबापेक्षा अधिक निघेल हे धरून चाला.

किती खचेल ते मोजायला गोठलेला नमुना गोठलेल्याच कड्यात बसवा, थोडा भार द्या, वरून वितळवा आणि उंची मोजा. मग भार टप्प्याटप्प्याने वाढवा. २५ मिलिमीटरचा नमुना २१ वर आला तर वितळण-विकृती १६ टक्के. तसा दीड मीटरचा थर असेल तर २४ सेंटिमीटर खचणार. नमुना कड्यात घालताना कडा वितळून सैल झाल्या तर आकडा फुगतो, म्हणून कडे, सुरी, हातमोजे सगळे आधी थंड करून घ्या. आणि खचण्याच्या सरासरीवर समाधान मानू नका. बर्फ जमिनीत सारखा पसरलेला नसतो. इमारतीला तडे जातात ते एका कोपऱ्याखाली बर्फ जास्त होता म्हणून.

पायरी ६: पुन्हा पुन्हा गोठल्यावर काय उरते

ढेकळांकडे परत येऊ. वितळल्यावर पापुद्र्यांच्या जागी भेगा राहतात आणि भेगांच्या मध्ये पिळलेली, आकसून उभी तडकलेली घट्ट माती. चेंबरलेन आणि गौ यांनी १९७९ मध्ये बारीक मातींवर दाखवले की गोठण-वितळणानंतर पोकळी घटते आणि तरीही उभ्या दिशेची पारगम्यता (पाणी वाहू देण्याची क्षमता) वाढते. ऐकायला उलटे वाटते, पण भेगा डोळ्यांसमोर आणल्या की पटते: माती एकूण घट्ट झाली, पाण्याला मात्र उभ्या वाटा मिळाल्या. याचा व्यवहारातला परिणाम असा की एकदाही न गोठलेल्या मातीवर मोजलेला सीव्ही वितळणाऱ्या मातीला लावू नये. पाचव्या पायरीतला सीव्ही वितळलेल्या नमुन्यावरच काढा.

ताकदीचे काय होते ते माती आधी कशी होती यावर ठरते. आधीच घट्ट, अतिदृढ चिकणमाती सैल होते: तिचा चिकटपणा घटतो, ताण-विकृती आलेखातला टोकदार शिखरबिंदू बोथट होतो, माती ठिसूळपणे मोडायची ती आता पसरत जाते. मऊ, सैल माती उलट घट्ट होते. स्वीडनच्या पीटर विकलँडरने १९९८ मध्ये हिमोढाच्या (हिमनदीने आणून टाकलेल्या) मातीवर हेच पोकळीच्या भाषेत मांडले: सैल आणि घट्ट, दोन्ही नमुने काही चक्रांनंतर एकाच उरलेल्या पोकळी-गुणोत्तराकडे (पोकळी आणि घन कण यांच्या आकारमानाच्या गुणोत्तराकडे) सरकतात. घर्षणकोन मात्र फारसा हलत नाही. म्हणून घर्षणकोनाचा बदल शोधण्यात आठवडे घालवण्यापेक्षा पारगम्यता आणि छिद्रजलदाबासह त्रिअक्षीय चाचणी (नमुन्याला बाजूंनीही दाब देऊन ताकद मोजणारी) यांना वेळ द्यावा, असे माझे मत आहे.

किती चक्रे? बहुतेक बदल पहिल्या तीन-चार चक्रांतच होतो. दहाच्या पुढे सहसा आलेख सपाट होतो. पण प्रयोगशाळेतले एक चक्र म्हणजे काय हे स्वतःला विचारा. सक्रिय थराच्या तळाला वर्षातून एकच चक्र मिळते. पृष्ठभागाच्या बोटभर मातीला वसंत आणि शरदात कितीतरी मिळतात. नमुना कोणत्या खोलीचे प्रतिनिधित्व करतो ते ठरवल्याशिवाय ‘दहा चक्रे केली’ या वाक्याला अर्थ नाही.

पायरी ७: बांधकामाला काय सांगायचे

रशियन संहितांमध्ये दोन तत्त्वे आहेत आणि ती कुठेही उपयोगी पडतात. पहिले: जमीन गोठलेलीच ठेवा आणि तिची गोठलेली ताकद वापरा. दुसरे: ती वितळणार हे मान्य करून त्यानुसार बांधा, किंवा आधीच वितळवून घ्या. एकाच इमारतीखाली दोन्हींची सरमिसळ करू नये.

पहिल्या तत्त्वाचे सगळ्यात मोठे उदाहरण अलास्कातली तेलवाहिनी. १९७७ मध्ये पूर्ण झालेल्या सुमारे १,२८८ किलोमीटरच्या या वाहिनीत गरम तेल वाहते. जिथे बर्फाळ माती होती तिथे ती पुरली नाही. निम्म्याहून अधिक लांबी खांबांवर उचलून नेली. सुमारे ७८,००० खांबांपैकी बऱ्याच खांबांत उष्णतानलिका आहेत, एकूण १,२४,००० च्या आसपास. नलिकेतला अमोनिया जमिनीच्या उष्णतेने वाफ होऊन वर जातो, थंड हवेतल्या पंखांपाशी द्रव होऊन परत खाली येतो. पंप नाही, वीज नाही. फक्त हवा जमिनीपेक्षा थंड असेल तेव्हाच हे चालते. म्हणजे हिवाळ्यात जमिनीत थंडी साठवून उन्हाळा काढायचा. हिवाळे सौम्य होत गेले की ही शिल्लक कमी पडते. म्हणून नव्या बांधकामाचा हिशेब आजच्या जमिनीच्या तापमानावर न करता बांधकामाच्या आयुष्यभरातल्या सगळ्यात उष्ण तापमानावर करावा. उणे ४ ची जमीन उणे २ वर आली तर वरून काहीही दिसत नाही, पण पाईलची पकड तोवर बरीच गेलेली असते.

जागेवर किमान एक थर्मिस्टरची माळ सक्रिय थराच्या बरीच खालपर्यंत सोडा आणि वर्षभर वाचा. उन्हाळा संपता संपता, वरून पुन्हा गोठायला लागण्याच्या ऐन आधी, वितळण सगळ्यात खोल असते. पोलादी सळई खुपसून खोली मोजायची ती तेव्हाच. जुलैमध्ये मोजून ‘सक्रिय थर ४० सेंटिमीटर’ असे लिहिलेले अहवाल माझ्या हातात आले आहेत. त्याच जागी शरदाच्या तोंडावर सळई दुप्पट खोल गेली. आणि प्रत्येक कोअरचा अर्धा भाग, लांबीत कापून, अहवाल मंजूर होईपर्यंत गोठलेलाच ठेवा. वितळलेल्या नमुन्यातला पापुद्रा पुन्हा पाहता येत नाही.